शांततेचे उलटे आटे

सिनेमातला खलनायक कोटाच्या आतल्या खिशात हात घालतो आणि एक काळं नळकांडं बाहेर काढतो. नजर समोरच्या खिडकीवर, चेहऱ्यावर कसलीच घाई नाही. नळकांडं पिस्तुलाच्या तोंडाशी लावतो, दोन-तीनदा फिरवतो, बसतं. मग ‘फुस्’. पलीकडच्या खोलीतला माणूस वर्तमानपत्राचं पान उलटतो, कुत्रं कानसुद्धा हलवत नाही, आणि गेलेला माणूस खुर्चीत इतक्या शिस्तीत बसून असतो की मोलकरीण त्याला पाय वर घ्यायला सांगून केर काढते.

ह्यूस्टनला राहायला आल्यापासून या दृश्यावरचा माझा विश्वास उडाला आहे. पिस्तुलांमुळे नव्हे, आट्यांमुळे. आमच्या शेजाऱ्याने हेच दृश्य घरच्या घरी करायला घेतलं आणि मला त्यात ओढलं. मी पेट्रोकेमिकलच्या कारखान्यांसाठी पाइपिंगची कामं करतो. पाइपला आटे असतात, पिस्तुलालाही आटे असणार, म्हणजे मला पिस्तुलातलं कळत असणार, असा त्याचा हिशोब. अमेरिकन माणूस एकदा तुम्हाला तज्ज्ञ ठरवून मोकळा झाला की तुमचा नकार तो विनय समजतो.

शेजारी विमा कंपनीतून निवृत्त झालेला, सज्जन, दर शनिवारी लक्ष्यावर गोळ्या झाडायला रेंजवर जाणारा. हा उपद्व्याप कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘कान! या वयात कान जपले पाहिजेत!’’ हे तो ओरडून सांगत होता, कारण त्याच्या हातातला पानं उडवायचा लीफ ब्लोअर चालू होता आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

आता मुळापासून सांगतो. पिस्तुलाची साधी नळी वरच्या सरकत्या भागाच्या, म्हणजे स्लाइडच्या, तोंडाशी संपते. तिला सायलेन्सर लावायचा तर पकडायला काहीतरी पुढे यायला हवं. म्हणून अर्धा-पाऊण इंच जास्त लांब आणि त्या टोकावर आटे पाडलेली नळी विकत घ्यायची. ती बसवायला कारागीर लागत नाही. साफसफाईला जसं उघडता तसं पिस्तूल उघडायचं, जुनी नळी काढायची, नवी ठेवायची. इथल्या कायद्याच्या लेखी पिस्तूल म्हणजे नंबर कोरलेला सांगाडा. नळी हा नुसता सुटा भाग. त्यामुळे आमच्या राज्यात ती टपालाने घरी येते. शेजाऱ्याची नळी आली त्या दिवशी टपालवाल्याने ती दारात ठेवली आणि तिच्याच बाजूला कुत्र्याच्या बिस्किटांचं खोकं ठेवलं. सही मात्र बिस्किटांसाठी घेतली.

गुंतागुंत पुढे आहे. अमेरिकेतल्या ९ मिलिमीटर पिस्तुलांच्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नळ्यांना अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ असे आटे असतात. सुलटे. युरोपीय कंपन्यांच्या मूळ नळ्यांना बऱ्याचदा साडेतेरा मिलिमीटरचे, एक मिलिमीटर पिचचे आटे असतात. उलटे. शेजाऱ्याचं पिस्तूल युरोपीय बनावटीचं. ‘जे कंपनीचं ते कंपनीचं’ या जागतिक मध्यमवर्गीय तत्त्वाला धरून त्याने नळीही कंपनीचीच मागवली, आणि सायलेन्सर निवडला अस्सल अमेरिकन. म्हणजे एक इंचातला आणि दुसरा मिलिमीटरमधला; एक उजवीकडे घट्ट होणारा आणि दुसरा डावीकडे. साडेतेरा मिलिमीटर आणि अर्धा इंच यांत फरक फक्त आठ दशांश मिलिमीटरचा. आमच्या धंद्यात एवढ्या फरकावर माणसं नोकऱ्या गमावतात.

‘‘थोडं जोर लावून फिरवलं तर?’’ त्याने विचारलं.

मी त्याला खुर्चीत बसवलं. आटे तिरके बसले की सायलेन्सरचा डबा नळीच्या रेषेत राहत नाही, आणि डबा रेषेत नसला की गोळी बाहेर पडताना त्याच्या आतल्या पडद्यांना घासते. मग डबा, पडदे आणि विमा कंपनीतली तीस वर्षांची अक्कल, सगळं एकदमच बाहेर येतं. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे बरोबर बसणारे आटे. ते अर्धा इंच आणि २८चं माप इतकं लोकप्रिय आहे की पॉइंट टू-टूची छोटी पिस्तुलं, नऊ मिलिमीटरची पिस्तुलं आणि इथे घरोघरी असलेल्या एआर-१५ रायफली, या तिन्हींनाही तेच चालतं. त्यामुळे साडेपाच मिलिमीटरच्या गोळीसाठी बनवलेला डबा नऊ मिलिमीटरच्या नळीवर अगदी प्रेमाने, खळखळ न करता बसतो. गोळी मात्र त्यातून जात नाही. आटे जुळणं आणि पत्रिका जुळणं यांत एवढं साम्य आहे की पुढचं काही कोणी तपासत नाही.

उपाय निघाला. सायलेन्सरच्या बुडाशी जो दट्ट्या असतो तो बदलता येतो. उलट्या आट्यांचा दट्ट्या वेगळा विकत मिळतो. या बाजारात सगळंच वेगळं विकत मिळतं, हे शेजाऱ्याला इथे पहिल्यांदा कळलं.

हा दट्ट्या काय करतो ते सांगायलाच हवं, कारण यात खरी गंमत आहे. आजची बहुतेक पिस्तुलं जॉन ब्राउनिंग या माणसाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या युक्तीवर चालतात. गोळी सुटली की नळी स्लाइडबरोबर थोडी मागे येते, मागच्या बाजूला खाली कलते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, नवं आत जातं. ही सगळी हालचाल हलक्या नळीच्या भरवशावर आहे. त्या नळीच्या नाकाला पाव किलोहून जड डबा लटकवला की नळी कलायलाच तयार होत नाही. पिस्तूल एक गोळी झाडतं आणि थांबतं. म्हणून डब्याच्या बुडात स्प्रिंग आणि दट्ट्या घालतात. गोळी सुटली की क्षणभर डबा जागच्या जागी राहतो, नळी मोकळेपणाने मागे येते, आणि मग डबा तिच्यामागोमाग येतो. शेजाऱ्याला हे समजावताना मी त्याच्या स्वयंपाकघरातलं बरंच सामान वापरलं आणि त्याच्या बायकोने ते सगळं पुन्हा धुतलं.

यानंतर एकामागून एक गोष्टी निघत गेल्या. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातली कोंबडी इथे आधीच कापून झाली होती.

पहिला मसाला नळीची टोपी. डबा लावलेला नसतो तेव्हा उघडे आटे खराब होतात, म्हणून त्यांच्यावर बसवायची खडबडीत कडी. गोळ्या झाडताना ती हळूहळू सैल होते, आणि एक दिवस पिस्तुलाच्या पुढे, लक्ष्याच्या दिशेने निघून जाते. ती सैल होऊ नये म्हणून आत बसवायचं रबराचं वळं वेगळं मिळतं. दुसरा मसाला माशी. पिस्तुलावरची पुढची माशी आणि मागची खाच इतक्या बुटक्या असतात की सायलेन्सरचं साडेतीन सेंटिमीटरचं पोट त्यांच्यासमोर आलं की नेम धरणाऱ्याला फक्त डबा दिसतो. मग उंच माश्या घ्याव्या लागतात. त्या बसवायला मात्र हत्यारं आणि हात लागतात. शेजाऱ्याकडे हत्यारं होती. तिसरा मसाला म्यान. लांब नळी आणि उंच माश्या जुन्या होल्स्टरमध्ये मावत नाहीत, म्हणून बुडाशी उघडं असलेलं नवं होल्स्टर. त्यातही डबा लावलेलं पिस्तूल मावत नाही, कारण वीस सेंटिमीटरचं पिस्तूल डब्यासकट जवळपास दुप्पट होतं. कोटाच्या आतल्या खिशातून ते काढणारा खलनायक नक्की शिंप्याला भेटलेला असतो.

चौथा मसाला गोळ्या. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. नऊ मिलिमीटरची ११५ ग्रेन वजनाची नेहमीची गोळी त्याहून वेगाने जाते, आणि आवाजाचा वेग ओलांडणारी वस्तू वाटेत आपला वेगळा कडकडाट करत जाते. तो कडकडाट पिस्तुलाच्या तोंडाशी होत नाही, गोळीच्या सबंध प्रवासभर होतो. सायलेन्सर घरी बसलेला आणि गोळी गल्लीत ओरडत चाललेली, तर तो काय करणार? म्हणून १४७ ग्रेनची जड, संथ गोळी. ती महाग. शेजाऱ्याच्या मित्राकडे पॉइंट फोर-फाइव्हचं जुन्या घाटाचं पिस्तूल आहे. त्याची २३० ग्रेनची गोळी १९११ पासूनच आवाजाच्या वेगाखाली चालते. हे तो मित्र दर शनिवारी रेंजवर सांगतो, आणि आवाजाच्या वेगाखाली सांगत नाही.

आता सरकार. नळीवर कागद लागत नाही, पण सायलेन्सर हा इथल्या संघराज्याच्या कायद्यात स्वतःच एक बंदूक आहे. त्यातून गोळी झाडता येत नाही, त्यात काडतूस भरता येत नाही, तो कोणाच्या डोक्यात घालायचा म्हटला तर लाटणं अधिक उपयोगी पडेल. तरी कायद्याच्या व्याख्येत तो ‘फायरआर्म’. त्याला नंबर असतो, त्याची नोंद होते. विकत घेतला तर पैसे आज द्यायचे आणि डबा दुकानदाराच्या तिजोरीत ठेवून घरी यायचं. मग अर्ज, बोटांचे ठसे, पासपोर्टसारखा फोटो, आणि स्थानिक पोलीस प्रमुखाला एक प्रत. पूर्वी मंजुरीला महिनेच्या महिने जात. त्या काळात लोक स्वतःच्या डब्याला भेटायला दुकानदाराच्या रेंजवर जात, तिथेच दोन-चार गोळ्या झाडत आणि त्याला पुन्हा तिजोरीत टाकून परत येत. तुरुंगातल्या नवऱ्याला भेटायला बायको जाते, त्या भेटीचं नाव या भेटींना पडलेलं आहे. अलीकडे अर्ज संगणकावर झाला आणि काही जणांना मंजुरी आठवड्याभरातही मिळते. त्यामुळे एक जिवंत लोकसाहित्य संपलं.

डबा एकाच्या नावावर असला आणि तो माणूस बाजारात गेला असताना तिजोरीची किल्ली बायकोकडे राहिली, तर कायद्याच्या डोळ्यांत ताबा कोणाचा, असा प्रश्न निघतो. म्हणून लोक ट्रस्ट करतात. वीस सेंटिमीटरच्या नळकांड्यासाठी ट्रस्ट, त्याला नाव, विश्वस्त, वारस. २०१६ पासून प्रत्येक जबाबदार विश्वस्ताचेही ठसे आणि फोटो लागतात. शेजाऱ्याने बायकोला आणि मेव्हण्याला विश्वस्त केलं. मेव्हणा डॅलसला राहतो, त्याला पिस्तूल आवडत नाही आणि शेजारी तर मुळीच आवडत नाही. पण विश्वस्त झाल्यावर तो वर्षातून दोनदा फोन करून ‘ट्रस्टच्या मालमत्तेची’ चौकशी करतो. गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या ट्रस्टला लाजवेल असं भांडण या घरात आता कधीही होऊ शकतं.

हे सगळं सुरू झालं १९३४ साली. दारूबंदीच्या दिवसांत टोळ्यांनी शहरांत मशीनगन चालवल्या, त्यावर उपाय म्हणून नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट आला. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. ती गळली, सायलेन्सर राहिला. तो त्यात का होता, याची त्या वेळच्या सुनावणीत फारशी चर्चाच नाही. हत्ती दारातून निघून गेला आणि शेपटावर कर बसला, तोही २०० डॉलर. तेव्हा सायलेन्सर काही डॉलरना मिळे. आजच्या हिशोबात ती रक्कम साडेचार हजार डॉलरच्या वर जाते. पण कायद्यात आकडा कोरला तो कोरला. पुढची नव्वद वर्षं तोच राहिला आणि महागाईने त्याची धार बोथट केली. मग २०२५ च्या कायद्याने तो शून्यावर आणला, १ जानेवारी २०२६ पासून. नोंदणी, ठसे, फोटो सगळं तसंच. फक्त कर शून्य. शेजाऱ्याने २०० डॉलर भरले होते ते २०२५ मध्ये. त्याच्यासमोर हा विषय काढू नये.

शिवाय हा टेक्सासचा कारभार. पन्नासपैकी आठ राज्यांत सामान्य माणसाला सायलेन्सर ठेवताच येत नाही. कॅलिफोर्नियात तर काढता-घालता येणारं मॅगझिन असलेल्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या नळीला नुसते आटे असले तरी ते ‘असॉल्ट वेपन’ ठरतं. डबा दूरच, नुसते आटे. १९९४ ते २००४ या काळात संघराज्याच्या कायद्यातही आटे हे पिस्तुलाच्या दुर्गुणांच्या यादीत होते. टेक्सासात कुत्र्याच्या बिस्किटांशेजारी पडून राहणारी नळी कॅलिफोर्नियात गेली की गुन्हेगार. उलट नॉर्वे-फिनलंडमधले शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात आणि तो न लावणाराच शेजाऱ्यांना त्रास देणारा समजला जातो. पृथ्वीवर आट्यांइतकी भूगोलावर अवलंबून असलेली नीती दुसऱ्या कशाची नसेल.

या सगळ्याच्या मुळाशी एक घर आहे आणि ते घर मला फार आवडतं. बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, मेन राज्यात जन्मलेला, पुढे लंडनला गेलेला. १८८४ मध्ये त्याने आपोआप चालणारी मशीनगन केली. साम्राज्यांनी ती विकत घेतली, बाप ‘सर’ झाला, आणि आयुष्यभर बंदुका झाडून झाडून उतारवयात ठार बहिरा झाला. मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. कनेक्टिकटमध्ये मोटारींची कामं करणारा हा इंजिनियर. त्याला १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. न्हाणीतल्या टबातलं पाणी भोवरा करत मोरीत शिरतं, ते पाहून बंदुकीच्या वायूंनाही असंच फिरवत न्यावं असं त्याला सुचलं, अशी कथा सांगतात. बापाने जगाला आवाज दिला, मुलाने त्यावर झाकण बसवलं. घरातल्या घरात फिर्याद आणि निकाल दोन्ही. मुलाने बापावर एक पुस्तकही लिहिलं, ‘अ जीनियस इन द फॅमिली’. ते १९३६ मध्ये आलं, ज्या वर्षी मुलगा वारला.

मुलाने आणखी एक गोष्ट केली. १९१४ मध्ये त्याने अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. हौशी रेडिओवाल्यांची ही संस्था आजही आहे. म्हणजे बंदुका गप्प केल्या आणि हजारो माणसांना रात्र रात्र जागून एकमेकांशी बोलायची सोय करून दिली. माझ्या मते शांततेचं नोबेल असल्या माणसाला द्यायला हरकत नव्हती. मात्र रेडिओवाल्यांच्या बायकांचं मत घेऊन.

त्या काळी हा सायलेन्सर सभ्य गृहस्थाची वस्तू होती. परसात लक्ष्य मांडायचं, शेजाऱ्यांची झोपमोड करायची नाही. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही आपल्या विंचेस्टर रायफलीला तो लावून घेतला होता. एका रूझवेल्टने तो लावून घेतला. पुढे दुसऱ्या रूझवेल्टने, फ्रँकलिनने, त्याच्यावर कर बसवणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. हेरखात्याचा प्रमुख विल्यम डोनोवन याने सायलेन्सर लावलेलं पॉइंट टू-टूचं पिस्तूल राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात नेलं, रूझवेल्ट मजकूर सांगण्यात गुंतलेले असताना वाळूच्या पोत्यात गोळ्या झाडल्या, आणि बंदुकीच्या दारूचा वास येईपर्यंत रूझवेल्टना पत्ता लागला नाही, असं त्या खात्यातल्या स्टॅन्ली लव्हेल यांनी लिहून ठेवलं आहे. गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे. पण आपणच कर बसवलेल्या वस्तूचा नमुना आपल्याच खोलीत वाजावा, हे मला पटतं. सरकारं अशीच चालतात.

तेव्हा ते पिस्तूल पॉइंट टू-टूचं होतं, ही बाब विसरू नये. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल तोंडाशी साधारण १६० डेसिबल ओरडतं. चांगला सायलेन्सर त्यातले पंचवीस-तीस, फार तर पस्तीस खातो. उरतात १२५ ते १३५. डेसिबलचा हिशोब असा की तीस कमी झाले म्हणजे ताकद हजारात एक उरली. मोठीच करामत. पण उरलेला हजारावा भागही ‘फुस्’ नव्हे. आपल्याकडे फटाक्याला चार मीटरवरून १२५ डेसिबलची मर्यादा आहे. मोजण्याची रीत वेगळी, म्हणून आकड्याला आकडा चिकटवू नये, पण अंदाज यायला हरकत नाही. सायलेन्सर लावलेलं पिस्तूल म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री कायद्याने वागणारा फटाका. त्याने दचकून मांजर कपाटाखाली जातं. ‘जॉन विक’च्या दुसऱ्या भागात दोघे जण न्यूयॉर्कच्या स्थानकातल्या गर्दीतून चालत चालत एकमेकांवर सायलेन्सरने गोळ्या झाडतात आणि कोणी मान वळवत नाही. न्यूयॉर्ककर मान वळवत नाही हे खरं. पण त्याचं श्रेय सायलेन्सरला देऊ नये.

रिव्हॉल्वरला सायलेन्सर लावणाऱ्या दिग्दर्शकांबद्दल तर बोलायलाच नको. रिव्हॉल्वरमध्ये फिरतं पिंप आणि नळी यांच्यामध्ये फट असते, बराच आवाज तिथूनच बाहेर पडतो. रशियाचं १८९५ चं नागान रिव्हॉल्वर ही फट बंद करतं. तो अपवाद सोडला तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड, असा तो प्रकार.

मध्येच बायकोला हे सगळं सांगितलं. ती निवडत असलेल्या मेथीवरून नजर न उचलता म्हणाली, ‘‘आणि आपल्याकडे पोरं बुलेटचा सायलेन्सर काढतात.’’ खरंच आहे. पुण्या-नागपुरात फटफट करणारे बदललेले सायलेन्सर पोलीस जप्त करतात, रस्त्यावर मांडतात आणि त्यावरून रोडरोलर फिरवतात. त्याचे फोटो छापून येतात. मोटारीच्या आणि बंदुकीच्या सायलेन्सरची युक्ती एकच. गरम वायूला वाटेत अडवा, फिरवा, थंड करा, मग सोडा. मॅक्सिमची कंपनीही पुढे बंदुका सोडून इंजिनांच्या सायलेन्सरकडे वळली आणि आमच्या धंद्यात ते नाव अजून ऐकू येतं. म्हणजे एका देशात माणसं आवाज काढण्यासाठी पैसे मोजतात आणि सरकार त्यावर रोलर फिरवतं, दुसऱ्या देशात माणसं आवाज कमी करण्यासाठी पैसे मोजतात आणि सरकार ठसे घेतं. कोल्हापूरच्या एखाद्या पोराला आमच्या शेजाऱ्याशेजारी बसवून दिलं तर दोघांचंही भागेल असं मला फार वाटतं.

अखेर दट्ट्या आला, मंजुरी आली, उंच माश्या जवळजवळ सरळ बसल्या. शेजाऱ्याने मला रेंजवर नेलं. डबा नळीवर उलटा फिरवत बसवला. फिरवताना त्याचा हात सवयीने दोनदा सुलटा गेला आणि डबा दोनदा निघाला. पहिली गोळी झाडली. ती पुढच्या गोळ्यांपेक्षा जरा जास्तच वाजते, कारण डब्यात अडकलेल्या हवेतला ऑक्सिजन पहिल्याच गोळीच्या गरम वायूंना जळायला मदत करतो. याला कोणी काही करू शकत नाही. काही लोक आत थोडं पाणी घालतात, त्याने आवाज उतरतो आणि मग काळं पाणी तोंडावर उडतं. पाणी न घालताही काही वायू मागे फिरतो आणि पिस्तुलाच्या बाजूच्या खिडकीतून नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. शेजाऱ्याचे डोळे पाणावले होते. मला वाटलं, आनंदाने.

‘‘काय फरक आहे, नाही?’’ तो म्हणाला.

मला काही कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. आमच्या दोघांच्याही कानांवर जाड टोप्या होत्या. डाव्या बाजूच्या गाळ्यात एक गृहस्थ साधी, आटे नसलेली, पैसे न खाणारी रायफल झाडत होते आणि तिच्या प्रत्येक गोळीला आमच्या छताचा पत्रा थरथरत होता. आम्हाला स्वतःचं पिस्तूल ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ते किती शांत झालं हेही ऐकू येत नव्हतं.

मी माझं मत इथेच सांगून टाकतो. सायलेन्सर वाईट नाही. १६० डेसिबलच्या एकाच दणक्याने गेलेलं ऐकणं परत मिळत नाही. १४० च्या वरचा धडाका कानावर पडू नये असं इथल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांतही लिहिलं आहे, आणि बाप मॅक्सिमने त्याचा परिणाम स्वतः अनुभवला होता. रेंजच्या आसपास राहणाऱ्यांचीही त्याने सोय होते. पण त्या आठव्या-नवव्या खरेदीनंतर कान हे नुसतं निमित्त उरतं. आट्यांना आटे जुळवण्याची ही हौस आहे, तिला कारण लागत नाही, आणि ती करणाऱ्याला अडवू नये. फक्त तो पाइपिंगवाल्याला विचारायला आला तर पाइपिंगवाल्याने रजेवर जावं.

ज्यांना खरोखर कानच जपायचे आहेत, त्यांना रेंजच्या काउंटरवर फोमचे बोळे मिळतात. एका जोडीला काही सेंट पडतात. ते सगळ्या राज्यांत चालतात, त्यांना अर्ज लागत नाही, फोटो लागत नाही, ट्रस्ट करावा लागत नाही, आणि हरवले तर सरकारला कळवावं लागत नाही.